मार डोक्याला, दगा छातीचा
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण एरवी बेणेमळा, खताचा हप्ता, हुमणी आणि खोडव्याची निगा यांविषयी वाचता. या खेपेस विषय वेगळा आहे आणि तो मी मुद्दाम घेतला आहे. गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाची वाहने धावतात, आणि दर हंगामात कुणाच्या ना कुणाच्या घरचा माणूस डोक्याला मार लागून दवाखान्यात पडतो. कुणी मोटारसायकलवरून उभ्या ट्रॉलीला मागून धडकतो, कुणी भरल्या ट्रॉलीवर दोर आवळताना तोल जाऊन खाली येतो. अशा माणसाविषयी पुढे पारावर जे बोलले जाते त्यात एक वाक्य ठरलेले असते. “ऑपरेशन चांगलं झालं होतं, डोळं पण उघडलं होतं, मग काय झालं कुणास ठाऊक.”

हे जे ‘मग काय झालं’ आहे, त्याचे उत्तर पुष्कळदा डोक्यात नसते, छातीत असते. दवाखान्यात दाखल झाल्यावर, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास, त्याला न्यूमोनिया होतो. घरच्यांना वाटते डॉक्टरांनी काहीतरी बिघडवले. डॉक्टर सांगतात, पण इंग्रजीत सांगतात किंवा घाईत सांगतात. आणि आपण गावाकडून गेलेली माणसे त्या चार-पाच दिवसांत प्रेमापोटी जे काही करतो, त्यातले बरेचसे त्या न्यूमोनियाला वाट करून देणारे असते. म्हणून हा लेख.

मी डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. जे लिहितो ते वाचून आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून लिहितो. रोग्याचा निर्णय त्याच्या डॉक्टरांनीच करायचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. वादळी पावसात ऊस लोळतो. वाऱ्याने तो मरत नाही. मुळे शाबूत असली तर ऊस जिवंत राहतो, पण जमिनीला टेकलेल्या कांड्यांना मुळ्या फुटतात, पांगशा येतात, उंदीर लागतात, चिरलेल्या जागेतून कूज शिरते, आणि काट्यावर जाईपर्यंत वजन आणि उतारा दोन्ही गेलेले असतात. नुकसान वाऱ्याने सुरू केले खरे, पण पुरे केले ते नंतर आलेल्यांनी. डोक्याच्या माराचेही तसेच आहे. डॉक्टर दोन प्रकार मानतात. धडक बसली त्या क्षणी मेंदूला जी इजा झाली ती पहिली. ती परत फिरवता येत नाही, जगातल्या कुठल्याही दवाखान्यात नाही. पुढच्या तासांत आणि दिवसांत सूज, रक्त साकळणे, प्राणवायूची टंचाई, रक्तदाब घसरणे, ताप यांनी जी इजा वाढत जाते ती दुसरी. सगळा उपचार या दुसऱ्या इजेविरुद्ध चाललेला असतो.

मेंदूला ही दुसरी इजा एवढी लवकर का होते, हे समजायला त्याचा खुराक समजून घ्यावा लागेल, आणि इथे आपला, म्हणजे साखरेचा, संबंध येतो. माणसाच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, म्हणजे जेमतेम सव्वा-दीड किलो. पण माणूस नुसता पडून असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के एकटा मेंदू वापरतो. रक्तातली साखर म्हणजे ग्लुकोज, तो दिवसाला 100 ते 120 ग्रॅम फस्त करतो. बरे, त्याच्याकडे कोठार नाही. यकृताजवळ साखरेचा साठा असतो, अंगावर चरबी असते, मेंदूजवळ मात्र नाव घेण्यासारखे काही नाही. मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त येत राहिले तरच त्याचे चालते. रक्त पूर्ण थांबले तर दहा-एक सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-सहा मिनिटांत कायमचे नुकसान होऊ लागते. हातावर पोट असलेल्या मजुराच्या घरासारखी त्याची स्थिती आहे. आजचा रोजगार आला तरच आज चूल पेटते.

आता मार लागल्यावर या चुलीचे काय होते? पहिल्या दिवसांत जखमी मेंदूचा साखरेचा वापर काही भागांत उलट वाढतो. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1997 मध्ये डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांचे पीईटी स्कॅन काढले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत हे दिसले, की मेंदू साखर भराभर जाळतो आहे पण त्या मानाने प्राणवायू वापरला जात नाही. ज्यांनी बॉयलर हाऊस पाहिले आहे त्यांना हे चटकन कळेल. बगॅस ओला असला, हवा नीट मिळाली नाही, तर भट्टीत माल भसाभस जातो, धूर भरपूर होतो आणि वाफेचा दाब काही चढत नाही. पुरेसा प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका कणातून पेशीला ऊर्जेचे 30 च्या आसपास एकक मिळतात, प्राणवायूविना तेवढ्याच साखरेतून फक्त 2. उरतो तो लॅक्टिक आम्लाचा गाळ. त्यानंतरचे काही दिवस, कधी आठवडे, मेंदूची भट्टी मंदावलेली राहते. मोठ्या दवाखान्यांत मेंदूत केसासारखी बारीक नळी सोडून हे लॅक्टेट आणि पायरुव्हेटचे प्रमाण तासातासाला मोजतात. आपण रसाचा ब्रिक्स आणि शुद्धता पाहून कारखान्याची प्रकृती ओळखतो, तसलाच प्रकार म्हणा.

म्हणजे आधीच उपासमार चाललेली आहे. अशा वेळी बाहेरून पुरवठा थोडा जरी तुटला तरी मेंदूला ते सोसत नाही. अमेरिकेत 717 गंभीर रुग्णांच्या नोंदी तपासून 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की दवाखान्यात पोचून सावरेपर्यंत ज्यांचा वरचा रक्तदाब एकदा जरी 90 च्या खाली गेला होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक होते.

इथे छाती येते. जागा माणूस दिवसभरात किती वेळा आवंढा गिळतो, खाकरतो, खोकतो, याचा आपण कधी हिशेब ठेवत नाही. तो सगळा फुफ्फुसांचा राखणदार असतो. मेंदूला मार लागून शुद्ध हरपली की राखणदार झोपला. लाळ, ओकारी, तोंडातले रक्त सरळ श्वासनळीत उतरते. बहुतेक वेळा हे पहिल्यांदा घडते ते दवाखान्यात नव्हे, रस्त्यावरच, माणूस उताणा पडलेला असताना. न्यूमोनियाचे बी तिथे पडते आणि उगवते चार दिवसांनी. पुढे श्वासनळीत नळी घालून व्हेंटिलेटर लावतात. त्या नळीला एक फुगा असतो, पण बांध कितीही नीट घातला तरी पाझर राहतोच, तशी त्या फुग्याच्या कडेने लाळ झिरपत राहते. आपल्याच तोंडातले, नाकातले जंतू आधी जातात. पाच-सहा दिवस उलटले की दवाखान्यातले हट्टी जंतू येतात, ज्यांना साधी औषधे लागू पडत नाहीत. दाखल होऊन 48 तास उलटल्यावर झालेल्या अशा न्यूमोनियाला डॉक्टर ‘दवाखान्यात लागलेला’ न्यूमोनिया म्हणतात. गंभीर डोकेदुखापतीत व्हेंटिलेटरवर गेलेल्यांपैकी मोटा-मोटी तीनांत एकाला तो होतो. दवाखान्यागणिक हे प्रमाण पुष्कळ कमी-जास्त असते, आणि त्यातच मेख आहे. जे कमी-जास्त होते ते माणसाच्या हातात असते.

आणखी एक गोष्ट अलीकडच्या वर्षांत ध्यानात आली आहे. मेंदूला मोठी इजा झाली की शरीराची रोगाशी लढण्याची ताकदच काही दिवस खाली बसते. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये उंदरांवर हे दाखवले. तो प्रयोग डोक्याच्या माराचा नव्हता, मेंदूचा रक्तपुरवठा बंद पाडण्याचा, म्हणजे अर्धांगवायूसारखा होता. उंदरांना बाहेरून जंतू टोचले नव्हते, तरी तीन दिवसांत त्यांना न्यूमोनिया झाला. मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत जो घाबरगुंडीचा निरोप अंगभर जातो तो औषधाने अडवला, तेव्हा न्यूमोनिया टळला. म्हणजे धन्यावर संकट आले की वाड्याचे पहारेकरीही हातपाय गाळतात.

आता उलट बाजू पाहा. न्यूमोनिया झाला की फुफ्फुसाचा तेवढा भाग कामातून गेला, रक्तात प्राणवायू कमी पडला. कार्बन डाय-ऑक्साइड साचू लागला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि कवटीच्या बंद डब्यात दाब वाढतो. ताप चढतो, आणि तापाच्या एकेका अंशाला मेंदूची भूक सहा ते दहा टक्क्यांनी वाढते. जंतू रक्तात गेले तर रक्तदाब घसरतो. भूक वाढली आणि शिधा घटला, दोन्ही एकाच वेळी. मेंदूने छाती उघडी टाकली होती, आता छाती मेंदूला उपाशी मारते. चांगले झालेले ऑपरेशन असे वाया जाते.

गेल्या काही हंगामांत मी अशा घरांना भेटी दिल्या आहेत. त्यांतल्या एका घरचा तरुण पोरगा ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी हाक मारली की डोळे उघडत होता, पाचव्या दिवशी ताप, आणि बाराव्या दिवशी आटोपले. दाखल्यावर मरणाचे कारण न्यूमोनिया लिहिले होते. घरचे तो कागद दाखवून विचारत होते, “साहेब, याला छातीचा आजार कधीच नव्हता, हे काय लिहिलंय?” त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. दवाखाना कुठला होता याला महत्त्व नाही. सांगायला वेळ नसणे हे सगळीकडेच आहे.

तेव्हा आपल्या हातात काय आहे ते बोलू. पहिली गोष्ट पाण्याची. अपघात झाला की गर्दीतला पहिला माणूस ओरडतो, “अरे पाणी पाजा त्याला!” चहाच्या टपरीवरून तांब्या येतो. कुणी साखर-पाणी आणतो, कुणी कांदा फोडून नाकाला लावतो. कांद्याने फारसे बिघडत नाही, वेळ मात्र जातो. पण शुद्ध नसलेल्या किंवा ग्लानीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. तो पोटात जात नाही, छातीत जातो. आपण साखर पिकवणारी माणसे, आणि मेंदूला साखर लागते हे मीच वर लिहिले, म्हणून विशेष सांगतो, की जिभेखाली साखर ठेवणे हाही तसाच घातक प्रकार आहे. श्वास चालू आहे आणि माणूस बेशुद्ध आहे, तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरून, दोघा-तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे ओकारी बाहेर पडेल. मान मुरगळू द्यायची नाही. 108 ला फोन करावा. ही गाडी महाराष्ट्रात 2014 पासून चालू आहे. ओळखीच्या जीपमध्ये दुमडून घालून नेण्यापेक्षा तिची वाट पाहणे बहुधा बरे, कारण तिच्यात प्राणवायू आणि तोंडातली घाण ओढून काढण्याचे यंत्र असते. आणि पोलिसांच्या भानगडीची भीती सोडा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आदेश दिले आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद झाली आहे.

“ग्लुकोजची बाटली तरी लावा” हा दुसरा हट्ट. गावातल्या छोट्या दवाखान्यात हा हट्ट पुरवलाही जातो. डोक्याच्या मारात नुसत्या पाच टक्के ग्लुकोजची बाटली टाळतात. त्यातली साखर शरीर लगेच वापरते आणि मागे राहते नुसते पाणी, ते सुजलेल्या मेंदूत शिरते आणि सूज वाढवते. रक्तातली साखर फार कमी झालेली चालत नाही तशी फार वाढलेलीही चालत नाही. ते मोजमाप डॉक्टरांचे आहे. आपण बाटलीचा रंग सांगू नये.

तिसरी गोष्ट भेटायला जाण्याची. आपल्याकडे माणूस दवाखान्यात असला की सगळी भावकी जाऊन आली पाहिजे, नाहीतर पुढे लग्नाकार्यात बोलणे ऐकावे लागते. मी या रीतीच्या विरुद्ध नाही. रात्री-अपरात्री मिरजेच्या, कोल्हापूरच्या दवाखान्यांबाहेर घोंगड्या टाकून बसणारी माणसे पाहिली की आपल्या माणुसकीचा अभिमानच वाटतो. पण बसा बाहेर. आत एकच माणूस जाऊ द्या, आणि तो हात साबणाने धुऊन जाऊ द्या. व्हिएन्नाच्या एका डॉक्टरने, त्याचे नाव सेमेलवाइस, 1847 मध्ये डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले होते, आणि त्या काळच्या डॉक्टरांनाही ते रुचले नव्हते. तर आपल्या मामा-मामींना रुचायला वेळ लागणार, हे धरून चालू. एकाने पुढे होऊन सांगावे लागेल, एवढेच.

मग तोंडाची स्वच्छता. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती सगळ्यांत साधी आहे. बेशुद्ध माणसाच्या दातांवर किटण चढते आणि तेच जंतूंचे बेणे होते. आपल्याकडे मिसरी, तंबाखू, गुटखा यांनी तोंडाची आधीच काय दशा असते ते सांगायला नको. 2023 च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मासिकात 15 चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला. दवाखान्यातल्या रुग्णांचे दात रोज ब्रशने घासले तर न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतो, आणि व्हेंटिलेटरवरच्यांना त्याचा फायदा अधिक. पाच-दहा रुपयांचा ब्रश! बेशुद्ध माणसाचे दात घासणे हे नर्सचे काम आहे, ते आपण स्वतः करू जाऊ नये, पाणी छातीत जाईल. पण “सिस्टर, आज तोंड साफ झालं का?” एवढे नम्रपणे विचारायला कुणाची हरकत नसते. तसेच खाटेचे. डोक्याकडची बाजू 30 अंशांच्या आसपास वर ठेवतात. त्याने कवटीतला दाब उतरतो आणि पोटातले वर येऊन छातीत जाण्याचा धोका कमी होतो. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये व्हेंटिलेटरवरच्या 86 रुग्णांवर ही गोष्ट तपासली होती. सपाट झोपवलेल्यांत संशयित न्यूमोनिया 34 टक्के, उशाकडून उंच झोपवलेल्यांत 8 टक्के. ते रुग्ण नाना आजारांचे होते, पण रीत तीच. “बिचारा घसरतोय, सपाट करू या” म्हणून कुणी खाटेची चावी फिरवू नये. मणक्याला मार असेल तर डॉक्टर वेगळे सांगतील.

नळीतून जेवण देतात त्यावरही नाराजी असते. गंभीर डोकेदुखापतीत शरीराची एकूण गरज सव्वा ते दीडपट होते, आणि पहिल्या आठवड्यातच पोटात नळीवाटे अन्न सुरू करावे लागते. त्याला घरचे पेज-दूध लपून तोंडाने देऊ नका. गिळता येते की नाही हे तपासल्याखेरीज शुद्धीवर आलेल्या माणसालाही नाही. शुद्ध आली म्हणजे गिळणे आले असे नव्हे. इथेच पुष्कळ घरांची फसगत होते. आणि गळ्याला भोक पाडू द्यायचे नाही म्हणून सही अडवून बसू नये. त्याने न्यूमोनिया हमखास टळतो असे कुणी म्हणत नाही, पण व्हेंटिलेटर लवकर सुटायला मदत होते, आणि नळी काढल्यावर ते भोक बहुधा आपोआप बुजते.

एक शोध अगदी नवा आहे आणि तो नेमका याच रुग्णांवरचा आहे. फ्रान्समधल्या आठ विद्यापीठ दवाखान्यांत मेंदूला इजा होऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णांना नळी घातल्यापासून 12 तासांच्या आत सेफ्ट्रिॲक्सोनचा एकच डोस दिला. पहिल्या आठवड्यातला न्यूमोनिया 32 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आला. हे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. सेफ्ट्रिॲक्सोन काही दुर्मिळ औषध नव्हे, तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळते. पण म्हणून उठून मेडिकलमधून आणू नका. तो एकच डोस, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रुग्णाला, डॉक्टरांनी द्यायचा आहे. आपण सर्दी-पडशाला तीच इंजेक्शने ठोकून घेतो म्हणून तर दवाखान्यातले जंतू हट्टी झाले आहेत. एकच कीटकनाशक दर खेपेस मारले की कीड दाद देत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे शिकवायला नको.

डॉक्टरांना विचारायचा एक आकडा सर्वांनी पाठ करावा. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी, टीसडेल आणि जेनेट यांनी, 1974 मध्ये शुद्धीचे माप ठरवले. डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण मिळून कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. आठ किंवा कमी म्हणजे गंभीर. दुसऱ्या दवाखान्यात हलवताना हा आकडा कागदावर लिहून घ्यावा, आणि हलवण्याची घाई स्वतःहून करू नये. चार दिवसांत तीन दवाखाने बदललेला रुग्ण मी पाहिला आहे. पाहुण्यांपैकी प्रत्येकाचा एक ओळखीचा डॉक्टर होता.

आता पैशाकडे वळतो, कारण खरी ओढाताण तिथे होते. केंद्र सरकारची मे 2025 पासून योजना आहे. मोटार वाहनाच्या रस्ते-अपघातात सापडलेल्या माणसाला नेमलेल्या दवाखान्यात दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळतो, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस. योजना चांगली आहे, सर्वांनी लक्षात ठेवावी. पण वरचा हिशेब आठवा. न्यूमोनिया येतो तिसऱ्या ते सातव्या दिवशी, त्याचा उपचार चालतो त्यापुढे आठ-दहा दिवस. नेमके व्हेंटिलेटरचे बिल चढू लागते तेव्हा सात दिवस संपतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती नोंदलेल्याच दवाखान्यात आणि ठरलेल्या उपचारांना. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, ती माणूस गेल्यावर किंवा कायमचा अधू झाल्यावर मदत करते. मधल्या दिवसांचे काय? मधल्या दिवसांत घरचा कर्ता सोसायटी, सावकार आणि सोनार यांच्या दारात फिरतो, आणि मग कधी कधी रुग्ण अर्ध्यावर घरी आणला जातो. तोंडाने कुणी बोलत नाही, पण ‘डॉक्टरांनी आशा सोडली’ याचा अर्थ पुष्कळ वेळा पैसे संपले असाच असतो.

आपल्याकडेही मदतीची रीत मयतीनंतरची आहे. संचालक मंडळ दुखवट्याचा ठराव करते, वारसाला चेक देतात, फोटो छापतात. माझे स्पष्ट मत आहे, की आठव्या दिवसापासूनच्या उपचारासाठी वेगळा निधी हवा. उसाच्या टनामागे एक रुपया. कपात म्हटले की सभासदांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि कपातींचा आजवरचा अनुभव पाहता त्या पडणे गैर नाही. पण शंभर टन ऊस घालणाऱ्याचे यात शंभर रुपये जातात. कारखान्याने सहा लाख टन गाळप केले असे धरले तर सहा लाख रुपये जमतात. खाते वेगळे, हिशेब दर अंकात याच पानावर छापलेला. “कारखाना म्हणजे काय धर्मादाय दवाखाना आहे का?” असे मला एका जुन्या सभासदाने विचारले. नाही, दवाखाना नाही. पण रस्त्यावरची ती ट्रॉली आपला ऊस घेऊन आपल्याच गव्हाणीकडे निघालेली असते.

आणि हा निधी सभासदापुरता ठेवू नये. ट्रॉलीवरून पडतो तो बहुतेक वेळा तोडणी मजूर किंवा ड्रायव्हर असतो. तो बीडकडून, जतकडून आलेला असतो, त्याच्याजवळ दवाखान्याबाहेर घोंगडी टाकून बसायलाही चार माणसे नसतात. मुकादमाच्या उचलीत त्याचा हिशेब बसत नाही. या मुद्द्यावर वाद होईल याची मला कल्पना आहे. व्हावा.

मुळावर घाव घालायचा तर दोन गोष्टी पैशाविना होण्यासारख्या आहेत. मागे लाल परावर्तक पट्टी आणि दिवा नसलेल्या वाहनाला केन यार्डात नंबरच देऊ नये. परिवहन खात्याच्या नियमात ते आहेच, आपण फक्त पाळायला लावायचे. ‘ऊस वाळतो, काट्यावर वजन घटते’ ही ओरड होईल, तर पट्टीचा गुंडाळा गेटवरच ठेवावा, चिकटवायला पाच मिनिटे लागतात. दुसरे हेल्मेट. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो, की मोटारसायकलस्वाराला हेल्मेटने डोक्याला इजा होण्याचा धोका 69 टक्क्यांनी आणि मरणाचा 42 टक्क्यांनी कमी होतो. शेतकी खात्याच्या ज्या गट कर्मचाऱ्यांना आणि चिटबॉयना फिरतीची गाडी आहे, त्यांनी ते घातल्याशिवाय गट ऑफिसातून निघू नये. हे माझ्या विभागापुरते मी या हंगामापासून सुरू करीत आहे. चिटबॉय हा अपघाताच्या जागी पोचणारा आपला पहिला माणूस असतो, म्हणून कुशीवर कसे वळवायचे आणि पाणी का पाजायचे नाही, एवढे शिक्षण त्यांना बॉयलर पेटण्याआधी देण्याविषयी ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांशी बोलणे झाले आहे.

टनामागे एक रुपयाचा विषय मात्र माझ्या हातातला नाही. तो वार्षिक सर्वसाधारण सभेचा आहे. तो विषयपत्रिकेवर यावा असे ज्यांना वाटते, आणि येऊ नये असे ज्यांना वाटते त्यांनीही, आपले म्हणणे सभासद क्रमांकासह लेखी लिहून सभेच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत आपापल्या गट ऑफिसात द्यावे. तोंडी सांगितलेले धरले जात नाही.